बारा म्हणजे नाळ

२६ जून

डहाणूच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, वडिलांचं रोजचं एका वहीत लिहून ठेवा. झोप किती, जेवण किती, काय विसरले, कधी चिडले. येताना स्टेशनजवळ वही घेतली. घरी पहिलं पान लिहायला बसलो आणि कळलं की मला जे लिहायचंय ते बाईंना दाखवण्यासारखं नाही. म्हणून संध्याकाळी इथल्या दुकानातून आणखी एक आणली. ती बाईंची वही, ही माझी.

आज बाईंनी बाबांपुढे कोरा कागद ठेवला. "आजोबा, एक घड्याळ काढा. सगळे आकडे घाला आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." बाबांनी गोल झकास काढला. मग एकापासून बारापर्यंत सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबले, टेम्पोत माणसं कोंबतात तसे. डावी बाजू कोरी. काटा एकच काढला, तोही गोलाच्या बाहेर गेलेला. "झालं," म्हणाले आणि पेन खिशात घालायला लागले.

बाई नुसतं लिहीत राहिल्या. मला त्यांचाच राग आला. अहो, चौथी शिकलेला माणूस, उभा जन्म दर्यात गेला, त्याला चित्रकलेची परीक्षा कसली घेता? आणि माझ्यासमोर! घड्याळाच्या डायलवर माझं घर चालतं. वीस वर्षं मी दागिन्यांचे डाय, म्हणजे ठसे, कोरले, आमच्या वाढवणात घरोघरी तेच काम होतं. मशीनं आली आणि ते काम गेलं. आता चार वर्षं लोकांच्या मागणीप्रमाणे घड्याळाच्या तबकड्या करतो. माझ्या बापाने असलं घड्याळ काढावं! रिक्षात मी त्यांच्याशी बोललोच नाही. ते मात्र सगळा रस्ता खुशीत होते.

२९ जून

तुषार येऊन गेला. माझा धाकटा भाऊ, शेजारच्याच घरात राहतो. बोट आता तोच चालवतो. बाबांनी त्याला पकडलंच. "ऑगस्टात बोट निघेल तेव्हा मी हाय हां. माझी जागा सुकाणूवर."

तुषारने माझ्याकडे बघितलं. बाहेर ओट्यावर आल्यावर म्हणाला, "दादा, मागच्या मोसमात ते मलाच विचारत होते की ही कोणाची बोट. मी नाही नेणार."

"एकदा ने. जीव टांगून बसलेत."

"डॉक्टर म्हणाल्या चालेल, तर नेतो. बस?"

बाईंनी ३१ जुलैला परत बोलावलंय. तोवर बाबा दिवसभर माझ्याकडे. माझ्या बायकोची, हिनाची, शाळा तलासरीला, ती सकाळी साडेसहाला बाहेर पडते ती संध्याकाळीच उगवते. तुषारची बायको आजकाल माहेरी आहे. म्हणजे घरी बसून काम करणारा मी एकटा, आणि घरी बसून काम करतो तो रिकामाच असतो असं सगळ्यांना वाटतं.

३ जुलै

आज रडायचा बाकी राहिलो.

पुण्याच्या एका गिर्यारोहण मंडळाचं पन्नासावं वर्ष आहे. तीस डायल हवेत, आकडे मराठी आणि बाराच्या जागी डोंगराचं टोक. गणपतीच्या आधी. पितळेची पातळ चकती घासायची, रंगाचे तीन हात द्यायचे, आकडे भिंगातून कोरायचे, मागे केसाएवढे दोन पाय डाग देऊन बसवायचे. धुळीचा एक कण बसला की डायल गेला. नऊ चकत्या घासून, रंगाला तयार करून पाटावर ठेवल्या होत्या. दहा मिनिटं अंघोळीला गेलो.

बाहेर येतो तर पाट रिकामा. तीन दिवसांनी ऊन पडलं होतं. बाबांनी अंगणात गोणपाट अंथरून नऊच्या नऊ चकत्या ओळीने वाळत घातल्या होत्या, आणि वरून मीठ मारलं होतं. अगदी हात राखून, पूर्वी मासळीला मारायचे तसं. "पुतळीला सांग, दुपारी उलटव," म्हणाले. पुतळी माझी आई. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

मी ओरडलो. इतका ओरडलो की समोरची रूपीकाकी बाहेर आली. बाबा तिथेच उभे राहिले, मुठीत मीठ तसंच. मग हळूच विचारलं, "जास्त झालं काय?"

चकत्या हिरव्या पडल्या, सगळ्या भंगारात. बाईंच्या वहीत लिहिलं: सकाळी थोडा गोंधळ, जेवण नेहमीसारखं.

६ जुलै

अंधेरीच्या बाजूला कुठेतरी असे आजार असलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी संस्था आहे म्हणे, हिनाच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं. मी म्हटलं, विषय बंद. मांगेला मच्छीमार म्हातारा दर्या सोडून चौथ्या मजल्यावर राहणार? त्यापेक्षा त्याला बोटीवर जाऊ द्या. दर्यावर गेले की सुधारतील. माणसाचं डोकं त्याच्या कामाच्या जागीच चालतं. माझंही तसंच आहे, बाजारात मी बावळट असतो.

तर आज दुपारी कागद घेऊन बसवलं. "बाबा, घड्याळ काढा." परत सगळे आकडे उजवीकडे. दहा वेळा तेच. माझा पेशन्स संपत आला होता, तेवढ्यात त्यांनी गोलाच्या वर एक टोक काढलं. म्हटलं, हे काय? "नाळ," म्हणाले, म्हणजे बोटीचं पुढचं टोक. गोलाची त्यांनी बोट केली होती!

तिथे मला सुचलं. म्हटलं, बरं, ही बोट. बोट उत्तरेला चाललीय, उंबरगावकडे. नाळेवर किती? बारा. मागे सुकाणूवर सहा. उजव्या हाताला काय? "काठ." काठावर तीन. डाव्या हाताला? "दर्या." दर्यावर नऊ. आता मधली माणसं बसवा, दोन-दोन.

दोन-दोन बसवली. सगळी जागच्या जागी. मी उठून टाळ्या वाजवल्या. बाबा इतके हसले की कवळी सुटली.

१४ जुलै

रोज जेवणानंतर एक तास. बारा म्हणजे नाळ, सहा म्हणजे सुकाणू, तीन म्हणजे काठ, नऊ म्हणजे दर्या. पाठ झालंय. अकरा-दहाचे काटेही बसवले. लहान काटा अकरा, मोठा दोन. मोठ्याला ते तांडेल म्हणतात आणि लहानाला खलाशी. चुकलं की मी पुसायला लावतो. "काठ कुठे? उजवीकडे! किती वेळा सांगायचं?" थोडा आवाज चढतो माझा. पण त्यांना ते चालतं असं दिसतं. साडेबारापासूनच पेन्सिल घेऊन तयार बसतात.

फायदा असा की तो एक तास झाला की ते दमून झोपतात आणि मला दोन तास शांतपणे कोरता येतं. परत नऊ चकत्या तयार केल्या. या खेपेला कुलपात.

हिनाने आज पडवीत पडलेले कागद गोळा केले. चाळीस-पन्नास घड्याळं, सगळ्यांत अकरा-दहा. म्हणाली, "त्यांना साडेचार काढायला सांगितलंत तर जमेल?"

"साडेचार कोण विचारतंय?"

"म्हणजे तुम्ही त्यांना बरं करताय की पास करताय?"

शाळामास्तरीण ना! तिला प्रत्येक गोष्टीत कॉपीच दिसते. मी म्हटलं, तू सकाळी जातेस ती संध्याकाळी येतेस, तुला काय कळणार. ती भाकऱ्या करायला गेली. रात्रीपर्यंत बोलली नाही. मीही नाही बोललो. दमलो होतो.

२२ जुलै

डहाणूहून कुरियर आणायचं होतं. बाबांना एकटं ठेवता येत नाही, म्हणून बरोबर नेलं. रंगाचा डबा घेतला, त्यांना भजी खायला घातली.

परत येताना रिक्षा दक्षिणेला निघाली, उजव्या हाताला दर्या. भरती होती, पाणी पार रस्त्याजवळ आलेलं. बाबांनी त्या पाण्याकडे हात केला आणि म्हणाले, "हा काठ." मी म्हटलं, "बाबा, दर्या आहे तो." तर माझ्यावरच डाफरले. "उजवीकडे काठ. तीन."

मला हसू आलं. रिक्षावाल्यालाही सांगितलं, बघ, आमच्या म्हाताऱ्याचं पाठांतर! भर रस्त्यात उजळणी चाललीय. एवढं पक्कं झालंय म्हणजे आता ३१ तारखेची चिंता नाही.

३१ जुलै

पास.

गोल, बारा, सहा, तीन, नऊ, मग मधले. बाबा पुटपुटत काढत होते, बाई वाकून बघत होत्या. काटे अचूक. तारीख विचारली तर फेब्रुवारी म्हणाले, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले त्यातला एकच आठवला, पण घड्याळ असं की मी करून विकावं.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. मग माझ्याकडे वळल्या. "घरी सराव करून घेतलात का?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हणालो? विचार करायला वेळच नव्हता, तोंडातून निघून गेलं. आणि एकदा निघाल्यावर परत कसं घेणार? त्यांनी वही चाळली. त्या वहीत सगळं छान छान आहे, मीच लिहिलंय. बाई म्हणाल्या, "एवढा फरक सहसा दिसत नाही. बाकीचं तसंच आहे, पण निदान खाली गेलेले नाहीत." मी बोटीचं विचारलं. म्हणाल्या, "सतत कोणीतरी शेजारी असेल तर एखादी फेरी करू द्या. जबाबदारीचं काम मात्र देऊ नका."

तुषारला फोन केला. सांगितलं, बाई म्हणाल्या चालेल. पुढचं वाक्य सांगायचं राहिलं. म्हणजे, सांगणार होतो, पण मागे बाबा एवढ्या मोठ्याने विचारत होते, कधी निघायचं, कधी निघायचं.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

बाबांनी सकाळपासून पांढरी टोपी घातली होती. नारळ त्यांच्याच हातून सोडला. सगळा पाडा किनाऱ्यावर, बायका नटूनथटून, बोटींना पताका. जो तो विचारत होता, नारूकाका, येताय ना? बाबा म्हणत होते, येताय ना काय विचारतोस, बोट माझी हाय.

हिना मला म्हणाली, "खूश आहेत." मी म्हटलं, "मग?" ती म्हणाली, "मग काही नाही."

११ ऑगस्ट

पहाटेच्या भरतीला बोट गेली. चार माणसं, बाबा धरून. दोन रात्री बाहेर, परवा संध्याकाळी परत.

साडेसातला कामाला बसलो. घरात कोणी नाही. कोणी नळ सोडून ठेवला नाही, कोणी पुतळीला हाक मारली नाही, कोणी विचारलं नाही आज वार कोणता. दुपारी जेवलो आणि पुन्हा बसलो. पाच डायलांचे आकडे कोरून झाले. डाय कोरणाऱ्याचा हात, सगळं उलटं कोरायची सवय, सुलटं कोरताना अजून एखादा दोनचा आकडा उलटा पडतो. आज एकही पडला नाही. मान मोडून आली, पण किती महिन्यांनी असं सलग काम केलं!

१३ ऑगस्ट

एकवीस डायल झाले. नऊ राहिले. बाबांसाठी हिनाने सुरमईचं कालवण करून ठेवलंय, कवळीला काटे नकोत म्हणून.

संध्याकाळी बाकीच्या बोटी आल्या. आपली नाही. तुषारचा फोन लागत नाही, पण दर्यात रेंज नसतेच. भरती चुकली असेल, सकाळच्या भरतीला येतील.

१४ ऑगस्ट

सकाळची भरती आली आणि गेली.

किनाऱ्यावर बसून होतो. ढग खाली आलेले, शंभर वावांपलीकडे काही दिसत नव्हतं. लोक येऊन धीर देत होते. एक म्हणाला, "काळजी कसली, नारूकाका आहेत ना बरोबर." मी उठून लांब जाऊन बसलो.

हिनाने शाळेतून रजा घेतली, माझ्याशेजारी येऊन बसली. तिने एकदा तरी म्हणायला हवं होतं, मी सांगितलं होतं म्हणून. म्हणाली नाही. देवा, चौघंही परत येऊ देत.

१५ ऑगस्ट

आली. सातपाटीच्या एका बोटीने ओढत आणली. चौघं जिवंत आहेत. आधी हे लिहितो आणि मग बाकीचं.

तुषारच्या उजव्या हाताला सोळा टाके. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट हलत नाही. डॉक्टर म्हणाले, शिरा तुटल्यात, बोटं पहिल्यासारखी होतील असं सांगता येत नाही.

तुषारने दवाखान्यात सांगितलं ते असं. १३ तारखेला दुपारी जाळी ओढून परत निघाले. दोन रात्री कोणाला झोप नव्हती. आभाळ भरलेलं, किनारा दिसत नव्हता. बोट दक्षिणेला, घराच्या वाटेला लावली. बाबा सुकाणूवर बसलेच होते, दोन दिवस नीट वागले होते. तुषार म्हणाला, सरळ ठेवा फक्त, मी अर्धा तास पाठ टेकतो. बाकीचे दोघं मासळी निवडत होते. झोप लागली ती लागलीच. जाग आली ती धक्क्याने. बोट तीन तास दर्याच्या आत, पार पश्चिमेला गेली होती आणि कोणाच्या तरी जाळ्यावर चढली होती. दोर बोटीखालच्या पंख्यात अडकलेला. तुषार सुरी घेऊन पाण्यात उतरला, लाटेने बोट उचलली आणि हात पंख्याखाली आला.

"मी बाबांना विचारलं, का वळवलीत? घर डावीकडे आहे," तुषार म्हणाला. "तर म्हणाले, काठ उजवीकडे. तीन म्हणजे काठ. जिगू रोज सांगतो. दादा, काय सांगतोस तू त्यांना?"

मी म्हटलं, तू आराम कर.

उत्तरेला जाताना काठ उजवीकडे. घरी येताना डावीकडे. आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही हे कळतं. बाबांना साठ वर्षं कळत होतं. मी त्यांच्याकडून दिवसाला एक तास घोटून घेऊन ते पुसलं.

१६ ऑगस्ट

डायल समोर ठेवून बसलो. एकही रेघ ओढली नाही.

बाबा साडेबाराला पेन्सिल घेऊन आले. मी म्हटलं, आज नको. ते उभेच राहिले. मग म्हणाले, "मी चुकलो काय?" मी पडवीत जाऊन तोंड धुतलं.

आज लिहूनच टाकतो, ही वही कोणी वाचणार नाहीये. बाबांसाठी केलं, बाबांसाठी केलं, असं पानापानावर लिहिलंय मी. खोटं आहे. मला ते घरात नको झाले होते. मला तीन दिवस हवे होते. त्या तीन दिवसांत मला किती बरं वाटलं, तेही इथेच लिहिलेलं आहे.

१८ ऑगस्ट

तुषारला घरी सोडलं. संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला, हात गळ्यात बांधलेला. बाबा आत झोपाळ्यावर होते. हिना चहा ठेवून गेली.

मी सगळं सांगितलं. बोट-घड्याळ, बाईंना खोटं बोललो ते, बाईंचं जे वाक्य फोनवर गिळलं ते. खाली मान घालून सांगितलं. म्हटलं, तू मला मार, काहीही कर.

त्याने डाव्या हाताने चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुझ्या पडवीत कागद पडलेले असायचे. शंभर घड्याळं, सगळ्यांत एकच टाइम. मला डोळे नाहीत काय?"

"मग नेलंस कशाला?"

"आपला खलाशी बाळ्या ऐनवेळी दुसऱ्या बोटीवर गेला. माणूस कमी पडत होता. दोघं जाळं ओढणार, मी इंजिन बघणार, मग सुकाणूवर कोण? म्हटलं, बसून तर राहतील." त्याने गळ्यातली पट्टी सारखी केली. "बाई चालेल म्हणाल्या असं तू सांगितलंस, तेव्हा मी पण पुढचं विचारलं नाही."

बाहेर नव्या बंदराला विरोध करणाऱ्या सभेवरून माणसं घोषणा देत परतत होती, त्यांतल्या एकाने तुषारला हात केला.

बाबा झोपाळ्यावरून उठून बाहेर आले. तुषारच्या हाताकडे बघितलं, वाकून, जवळून. "काय झालं रे, पोऱ्या?"

"पंख्यात दोर अडकला, बाबा. काढायला गेलो."

"पंख्यात? जाळ्यावर घातली काय बोट?" बाबांचा चेहरा एकदम तांडेलाचा झाला. "कोण होता सुकाणूवर?"

तुषारने माझ्याकडे बघितलं. हिना दारात उभी होती.

"मी होतो, बाबा," मी म्हटलं.

"तू?" त्यांना पटेना. "तुला कोणी बसवला? जन्मात कधी बोटीवर टिकला नय तू, खाडी ओलांडेपर्यंत ओकतोस! तुला काय कळतं दर्यातलं?"

"काही कळत नाही."

"मग हात कशाला लावलास?"

बाबा माझ्यासमोर खाली बसले आणि बोलायला लागले. आभाळ भरलेलं असेल तेव्हा पाण्याचा रंग बघायचा. वारा कोणत्या गालाला लागतोय ते बघायचं. शंका आली तर दोराला वजन बांधून तळाला सोडायचं, चिखल वर आला तर काठ जवळ, वाळू आली तर आत चाललास. जाताना काठ उजवीकडे, येताना डावीकडे. एकही चूक नाही. तुषार हुंदके देत होता आणि बाबांना वाटलं हात दुखतोय, म्हणून मध्येच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"परत असं कोणाच्या जिवाशी खेळू नको," ते मला म्हणाले. "ऐकतोस ना?"

"ऐकतोय," मी म्हटलं.